क्लच हलका व्हावा म्हणून मोटारसायकलच्या इंजिनवरचा क्लच आर्म लांब करून घ्यावा का?

आपण लिहिले आहे की, पाथर्डी फाट्यावरून द्वारकामार्गे नाशिकरोडला रोज जाता-येताना आपल्या साडेतीनशे सीसीच्या गाडीचा क्लच दाबून डाव्या हाताची बोटे भरून येतात, आणि कोणीतरी आपल्याला इंजिनवरचा आर्म (क्लचची तार जिला जोडलेली असते ती छोटी दांडी) वेल्डिंगने लांब करून घ्यायला सांगितले आहे. हा सल्ला मानू नये. मला तो सात वर्षांपूर्वी मिळाला होता, मी तो मानला होता, आणि त्याची किंमत मी कसारा घाटात मोजली.

सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात माझी एकतीस वर्षे गेली. मोजल्याशिवाय कोणत्याही वस्तूला बरे-वाईट म्हणायचे नाही, ही तिथली सवय. तरीही स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी ती सोडली, कारण सल्ला देणारा माझा सख्खा मेहुणा होता आणि त्याचे सिडकोत गॅरेज आहे. झाले असे की, पाठ दुखते म्हणून मी त्याच्याकडूनच गाडीला उंच हँडल बसवून घेतले आणि पुढच्या पंधरवड्यात क्लच जड लागू लागला. मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंतच्या गर्दीत चाळीस-पन्नास वेळा क्लच दाबला की अंगठ्याखालचा भाग बधिर व्हायचा. मी त्याला दाखवायला गेलो, तेव्हा त्याने हँडलवरचा लीव्हर एकदाच दाबून पाहिला आणि म्हणाला, "दाजी, गाडीला काही झालेलं नाही. वय झालं तुमचं." त्यानंतर त्याने आर्म काढला, त्याला पट्टीचा तुकडा वेल्ड करून तो ४० मिलिमीटरचा ५० केला, आणि क्लच खरोखरच हलका झाला. घरी जाऊन मी सौभाग्यवतींसमोर त्याचे कौतुकही केले. ते वाक्य मला पुढे अनेकदा ऐकवण्यात आले.

हा हलकेपणा आला कुठून, हे मी त्याच दिवशी विचारायला हवे होते. आर्म ४० चा ५० केला की तारेवरचा जोर २० टक्क्यांनी कमी होतो, परंतु लीव्हरमधून तार ओढली जाते ती पूर्वीइतकीच, त्यामुळे आतल्या, स्प्रिंगांच्या जोराने क्लचच्या प्लेटा दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची उचलही २० टक्क्यांनी घटते. ही उचल मुळातच दोनएक मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यातला पाचवा हिस्सा गेला की प्लेटा एकमेकींपासून पुऱ्या सुटत नाहीत. द्वारकेच्या सिग्नलला क्लच पूर्ण दाबलेला असतानाही माझी गाडी पुढे सरकू पाहायची, न्यूट्रल सापडायचे नाही, आणि पहिला गिअर टाकला की असा दणका बसायचा की शेजारचा रिक्षावाला वळून पाहायचा. मेहुण्याने त्यावर उपाय म्हणून तार ताणून दिली. गिअर पडू लागले, मात्र लीव्हरचा फ्री प्ले (तार ताणली जाण्याआधीची ढिली हालचाल) संपला, म्हणजे मी हात काढलेला असतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहू लागला. शहरात ते जाणवले नाही. ठाण्याहून लग्न आटोपून दोघे परत येत असताना कसारा घाटाच्या चढावर इंजिनचा आवाज चढत गेला, गाडीचा वेग मात्र उतरत गेला, आणि जळका वास येऊ लागला. इगतपुरीपर्यंत आम्ही कसेबसे पोहोचलो. तिथून सौभाग्यवती बसने आल्या आणि गाडी टेम्पोतून आली. प्लेटा जळून काळ्या पडल्या होत्या. मेहुण्याचे त्यावरचे म्हणणे असे की, प्लेटा जुन्याच होत्या.

पुढच्या रविवारी टाकी उतरवून मी स्वतः बसलो, आणि दोष पाच मिनिटांत दिसला. उंच हँडलला मूळ लांबीची क्लच वायर (आवरणासकट तार) पुरत नव्हती, म्हणून ती पुढच्या बाजूने नेण्याऐवजी स्टिअरिंगच्या मानेमागून ओढून नेली होती आणि वायरिंगच्या जुडग्याबरोबर प्लॅस्टिकच्या टायने करकचून आवळली होती. त्यामुळे तिला जवळजवळ काटकोनातली दोन जास्तीची वळणे पडली होती. ओढ घेणाऱ्या बैलाचा दोर खुंटाला दोन वेढे मारून एकटा माणूस धरू शकतो, कारण प्रत्येक वेढ्याबरोबर घर्षण गुणाकाराने वाढते. क्लच वायरचे गणित तेच आहे, फक्त तिथे घर्षण आपल्या विरुद्ध असते. घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर काटकोनातल्या एका वळणाने ओढीचा जोर सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो आणि दोन वळणांनी ६० टक्क्यांनी. मी जुने हँडल परत चढवले, मूळ मापाचा आर्म आणि नवी वायर बसवली, वायर मोठ्या वळणाने मूळ मार्गाने नेली. प्रवासाची बॅग तोलायचा हूकचा काटा लीव्हरच्या टोकापासून एक इंच आत अडकवून आधी आणि नंतर मोजले होते. मेहुण्याच्या मार्गाने, मूळ आर्मवर, साडेसात किलो. माझ्या मार्गाने साडेपाच. दोन्ही वेळी स्प्रिंगा त्याच होत्या, आणि माझे वय उलट काही तासांनी वाढलेले होते.

आपण काय करावे, तर आधी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून क्लच दाबून पाहावा; जोरात फरक पडत असेल तर दोष वायरच्या मार्गात आहे. नंतर वायर इंजिनकडच्या टोकाला सोडवून नुसता लीव्हर हलवावा. तो अडखळत असेल, तर वायरचा आउटर (बाहेरचे आवरण) कुठेतरी दबलेला आहे, तार आत झिजली आहे किंवा लीव्हर ज्याभोवती फिरतो तो पिव्होट बोल्ट कोरडा पडला आहे. हा बोल्ट फार आवळल्यानेही लीव्हर धरतो. वायरच्या टोकाचे निपल (तारेला पक्का बसवलेला धातूचा तुकडा) लीव्हरच्या भोकात फिरले पाहिजे, अन्यथा प्रत्येक दाबाला तार तिथेच वाकते आणि एकेक धागा तुटत जातो. आतून अस्तर नसलेल्या साध्या वायरीत वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचे नरसाळे बांधून पातळ ऑइल रात्रभर झिरपू द्यावे. क्लच अर्धा दाबलेला असताना इंजिनवरचा आर्म वायरशी साधारण काटकोनात यायला हवा. तसा येत नसेल तर तिथेही जोर वाया जातो. शेवटी लीव्हरचा क्लँप ढिला करून तो इंचभर आत सरकवावा, म्हणजे बोटे लीव्हरच्या टोकाकडे पडतात. पिव्होटपासून १०० मिलिमीटरवर पडणारी बोटे १२० वर गेली, तर जोर सहाव्या हिश्शाने कमी होतो. इथेही बोटांना जास्त अंतर दाबावे लागतेच, पण ते बोटांना परवडते आणि प्लेटांची उचल तेवढीच राहते.

हायड्रॉलिक क्लचबद्दल आपण विचारले आहे. त्याने वायरचे घर्षण जाते, स्प्रिंगांचा जोर जात नाही; मग वायर नीट बसवून आधी पाहायला काय हरकत आहे?

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ज्या वायरीत आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचे अस्तर असते, तिच्यात ग्रीस भरू नये, ते धूळ धरून चिकटते. फ्री प्ले लीव्हरच्या टोकाशी बऱ्याच गाड्यांत १० ते १५ मिलिमीटर असतो, परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच आकडा अंतिम मानावा. कोणी आधी कडक स्प्रिंगा बसवल्या असतील, तर वर सांगितलेले सारे करूनही क्लच जडच राहील. आणि बधिरपणा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर गॅरेजच्या आधी मनगट डॉक्टरांना दाखवावे.

तो वेल्ड केलेला आर्म मी भाऊबीजेला काट्यासह मेहुण्यासमोर ठेवला होता. त्याने काटा पाहिला नाही, आर्म मात्र ठेवून घेतला. आपल्याला सल्ला देणाऱ्या गृहस्थांचे गॅरेज सिडकोत असेल, तर आर्मवर पट्टीचा जोड दिसतो का, एवढे कृपया पाहून कळवावे.