विचारा की! : पेप्सी फुटते, पेप्सी दगड होते

एप्रिल लागला की या पानावर लोणच्याची पत्रं येतात, मसाल्याची येतात, यंदा मात्र घरच्या पेप्सीनं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गोठवलेल्या सरबतानं, सगळ्यांना मागं टाकलंय. पोरांच्या सुट्ट्या आणि वरनं हे ऊन, दुसरं काय. त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत, बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधावं.

ताई, पोरं रोज दुपारी गारीगारला पैसे मागत्यात, म्हणून म्हटलं घरातच करून घालूया. फ्रीजरला वापरायच्या झिपच्या पिशव्या आणल्या, ऑरेंज सरबत भरलं आणि ठेवून दिलं. सकाळी बघतोय तर दोन फुटलेल्या, अख्खा फ्रीजर केशरी, आणि राहिलेल्या इतक्या कडक की धाकट्यानं फरशीवर आपटून फोडली. चोखलं की रंग लगेच संपतोय, खाली नुसता पांढरा बर्फ. फ्रीज जुना आहे, बदलायचा का? – एक आई, राजारामपुरी

वहिनी, फ्रीजला कशाला बोल लावताय, तो बिचारा इमानेइतबारे गोठवतोय. घरच्या पेप्सीचं जे काय बिघडतं ते बहुतेक वेळा साखरेत नाहीतर पिशवीत बिघडतं, तुमचं दोन्हीकडं बिघडलंय.

आधी फुटण्याचं बघू. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि आपण काय करतो तर पिशवी गळ्यापर्यंत भरतो, मग ती फुगायला जाणार कुठं, शिवण उसवते नाहीतर झिप उघडते. पाऊणच भरायची, वरची हवा हातानं दाबून काढायची, झिप लावायची आणि सिंकवर धरून एकदा उलटी करून बघायची. थेंब पडला तर तिथंच पडू दे.

आता दगडाचं. पाणी गोठायला लागलं की ते साखरेला आणि रंगाला बाजूला सारतं, आधी निव्वळ पाण्याचे खडे होतात आणि साखर-रंग-आंबटपणा त्या खड्यांच्या फटीत घट्ट पाक होऊन बसतो. पोरगं चोखतं तेव्हा पहिल्यांदा हा पाक निघून येतो, उरतो तो पांढरा बर्फ. साखर कमी असली की पाक कमी, खडे जास्त, म्हणजे दगड. आई लोक साखर कमी घालतात, कारण दात किडतील म्हणून, पटतंय मला, पण मग पेप्सी लहान करा की, साखर कापू नका! १ लिटर पाण्याला १५० ते २०० ग्रॅम साखर धरा. १०० च्या खाली गेलात की दात पडायची वेळ, ३०० च्या वर गेलात की घट्ट होतच नाही, बुळबुळीत राहते. आणि सरबत चाखताना जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, कारण जीभ गार पडली की गोडी कमी लागते.

अजून एक, कॉर्नफ्लोअर. १ लिटरला दोन सपाट चमचे, थंड पाण्यात कालवून सरबताच्या पाण्यात उकळून घ्यायचं, पारदर्शक झालं की बंद. त्यानं पाणी जरा धरून राहतं, खडे बारीक होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत ओतू नका, गरम सरबत प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको. आधी खालच्या कप्प्यात गार करून घ्या, मग पिशव्या स्टीलच्या ताटात आडव्या, एकावर एक न रचता, फ्रीजरच्या तळाला ताट टेकेल असं ठेवा. जितकं लवकर गोठेल तितका खडा बारीक. आणि दर अर्ध्या तासानं कोण दार उघडून बोटानं दाबून बघतंय त्याला आधी बाहेर घालवा.

पेप्सीच्या लांब पिशव्या दुकानात दोन प्रकारच्या मिळतात, एक चकचकीत आणि एक जरा धुरकट. दिसायला चकचकीत भारी आहे, तीच घेऊ ना? – कॉलेजकुमार, शाहूपुरी

नको. हातात चुरगाळून बघ, चकचकीत पिशवी कुरकुर वाजते, ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, म्हणजे पीपी, प्लॅस्टिकच्या प्रकाराच्या खुणेच्या त्रिकोणात ५ आकडा. कोरड्या खाऊला झकास, पण साधी पीपी थंडीत ठिसूळ होते, फ्रीजरमधनं काढून जरा वाकवली की उभी चीर जाते. धुरकट, मऊ, आवाज न करणारी आणि ओढली की ताणली जाणारी असते ती एलडीपीई, म्हणजे मऊ जातीचं पॉलिथीन, त्रिकोणात ४ आकडा, ती थंडीतही मऊच राहते. विकत घेताना फूड ग्रेड विचारायचं, पाकिटावर आयएस १०१४६ लिहिलेलं असलं तर उत्तम, तो खाण्याच्या वस्तूंसाठीच्या पॉलिथीनचा मानक नंबर आहे. काळ्या-निळ्या कॅरीबॅगेत खाण्याचं काहीच भरू नये, मग गोठवायचं असो वा नसो.

सीलिंगचं मशीन नाही. गाठ मारली तर गळतं. – मंगळवार पेठ

तोंडाकडं चार बोटं जागा सोडून पिशवीला पीळ घाला, पीळ दुमडा आणि त्यावर रबर, गळत नाही. भरताना पिशवी उंच ग्लासात उभी करायची, तोंड ग्लासाच्या काठावर दुमडायचं आणि नरसाळ्यानं ओतायचं, एकट्या माणसाला जमतं. मेणबत्ती आणि करवतीच्या पात्याची जुनी पद्धत चालते, म्हणजे तोंड पात्यावर दुमडून कड ज्योतीवरनं सरसर फिरवायची, पण तोंड आतनं ओलं असेल तर शिवण धरत नाही, आधी कोरडं पुसा. आणि हे काम मोठ्या माणसानंच करायचं, पोरांच्या हातात मेणबत्ती नको.

आमच्यात ऊस घरचा. रसाची पेप्सी होईल का? काळी पडेल म्हणतात. – करवीर तालुक्यातले एक शेतकरी

दादा, होईल का म्हणजे काय, उसासारखी पेप्सी कशाचीच नाही! मघाशी साखरेचं प्रमाण सांगितलं ना, ते उसानं आपलं आपणच जमवून ठेवलंय, रसात साधारण १५ ते २० टक्के साखर असते, वरनं काही घालायला नको. काळं पडतं ते रसातल्या एन्झाईमला हवा लागली की. त्यावर लिंबू, आणि सोबत आलं, दोन्ही गाळपाच्या वेळीच उसाबरोबर घालायचं, नंतर पिळून फारसा उपयोग नाही. कपड्यातनं गाळा, लगेच भरा, लगेच फ्रीजरला. रस तासभर उघडा ठेवून मग आठवण झाली तर तो पिऊन टाका, पेप्सी उद्या करा.

रस नसला तर गुळाचं पाणी, लिंबू, सुंठ आणि चिमूट मीठ घालून करा. गुळात थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, त्यानं साखरेच्या पेप्सीपेक्षा जरा मऊ लागते. कैरीचं पन्हं गुळातलं असेल तर तेही असंच. फक्त गूळ आणि दूध एकत्र करू नका, नासायची भीती.

गंगावेशीतल्या कट्ट्यावरनं धारोष्ण दूध आणून तसंच गोठवलं तर चालेल का? ताकद जाऊ नये म्हणून विचारतो. – एक आजोबा, शिवाजी पेठ

आजोबा, कट्ट्यावर उभं राहून पिण्याबद्दल मी कोल्हापुरात काही बोलणार नाही, मला इथं राहायचंय. पण नातवंडांच्या पेप्सीला दूध उकळूनच घ्या. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. काविळीच्या विषाणूलाही फ्रीजरनं काही होत नाही, म्हणून सरबताचं पाणीसुद्धा उकळून गार केलेलंच हवं. तसंही १ लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटरपर्यंत आटवलं, साखर-वेलची घातली तर सायीच्या स्निग्धपणानं बर्फाचे खडे मोठे होत नाहीत, कुल्फीच्या जवळ जाते चव. धारोष्ण दुधाची तशी होणार नाही.

दुपारी लाईट जाते, अर्धवट गोठलेली पेप्सी परत पातळ होते. – गांधीनगर

बादलीत फोडलेला बर्फ तीन भाग, खडे मीठ एक भाग, त्यात पिशव्या खुपसा आणि वर पोतं टाका. मिठानं बर्फाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. पिशवीला भोक नसावं, नाहीतर खारी पेप्सी. दुधाची पूर्ण वितळून बराच वेळ गरम राहिली असेल तर परत गोठवू नका, टाकून द्या.

पेप्सी खाताना पोरांच्या ओठाचे कोपरे चिरतात. आणि पिशव्या धुऊन परत वापरल्या तर? – एक काकू, कसबा बावडा

चिरतात ते पिशवीच्या कडेच्या शिवणीनं. वरचं तोंड शिवणीसकट कात्रीनं गोल कापा, टोकदार कोपरा ठेवू नका, आणि काढल्या काढल्या मिनिटभर पाण्याखाली धरा, म्हणजे ओठाला चिकटणारही नाही. कापलेला तुकडा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा, नाहीतर तो आधी फरशीवर, मग रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात नाहीतर गाईच्या पोटात. लांब पिशव्या परत वापरायच्या नाहीत, आतली शिवण धुतली जात नाही. झिपच्या जाड पिशव्या एकवेळ वापरा, पण सरबताच्याच, दुधाच्या नको, उलट्या करून साबणानं धुवा आणि दोरीवर पूर्ण वाळवा.