जुन्या ग्राहक-टेबलवर एस्टेरिस्क बसवायचंय, कोड बदलावा का?

तुमचं ग्राहकांचं टेबल आधीपासून आहे, कॉलमची नावं तुमची आहेत, बिलिंगही त्यावरच चालतं. म्हणून एस्टेरिस्क या फोन-सर्व्हरच्या सी कोडमधल्या क्वेरी बदलाव्यात का, असं विचारलंय. नका बदलू. मी एकदा तो उद्योग केला होता. नवी आवृत्ती आली की तेच पॅच पुन्हा बसवायचे; दुसऱ्या खेपेला मी नाद सोडला.

त्यापेक्षा डेटाबेसमध्ये व्ह्यू बनवा, म्हणजे साठवलेली क्वेरी, जी वाचणाऱ्याला टेबलसारखीच दिसते. समोर टेबल आहे की व्ह्यू, याच्याशी एस्टेरिस्कला देणंघेणं नाही. कॉलमची नावं त्याच्या मनासारखी असली की झालं. एक्स्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये टेबलच्या जागी व्ह्यूचं नाव द्या आणि सॉर्सरीच्या फाइलमध्ये तो प्रकार रिअलटाइमवर, म्हणजे डेटाबेसमधून थेट वाचण्यावर, न्या. पीजेएसआयपीसाठी, म्हणजे एस्टेरिस्कच्या एसआयपी फोन जोडणाऱ्या भागासाठी, तीन व्ह्यू पुरतात: एंडपॉइंट (फोनची सेटिंग), ऑथ (लॉगिन) आणि एओआर (फोन कुठे सापडेल ते). तिन्हींत आयडी म्हणून एक्स्टेन्शनचाच नंबर ठेवा. एओआरच्या व्ह्यूत मॅक्स-कॉन्टॅक्ट्स १ करायला विसरू नका. न दिल्यास तो ० धरला जातो आणि पासवर्ड बरोबर असूनही फोन रजिस्टर होत नाही. माझी अख्खी दुपार यात गेलीय. कॉन्टॅक्ट्स, म्हणजे रजिस्टर झालेल्या फोनचे सध्याचे पत्ते, मात्र डेटाबेसकडे वळवूच नका. तिथे एस्टेरिस्कला लिहायचं असतं, आणि काही न सांगता तो ते अ‍ॅस्टडीबी या स्वतःच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. मग तुमच्या डेटाबेसवर त्याला नुसता सिलेक्टचा अधिकार पुरतो.

खरी अडचण पासवर्डची. तुमच्या टेबलात वेबसाइटच्या लॉगिनचे बीक्रिप्ट हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही) असतील तर ते इथे कुचकामी. एसआयपीच्या डायजेस्ट पद्धतीत फोन पासवर्ड पाठवतच नाही, त्यातून काढलेलं उत्तर पाठवतो. ते ताडून बघायला सर्व्हरकडे एक तर साधा पासवर्ड हवा, नाहीतर युजरनेम, रेल्म (सर्व्हर फोनला सांगतो ते क्षेत्राचं नाव) आणि पासवर्ड कोलनने जोडून काढलेला एमडी५ हॅश. बीक्रिप्टवरून यातलं काहीच मिळत नाही. म्हणून फोनसाठी वेगळा, यंत्राने बनवलेला लांब पासवर्ड द्या आणि त्याचा एमडी५ एका छोट्या जोडटेबलात ठेवा; मूळ टेबलला हात लावायची गरज नाही. रेल्म आधी पक्का करा, कारण तो नंतर बदलला की सगळे हॅश बाद.

व्ह्यूत आयडी बनवताना कॉलमवर कास्ट (प्रकार बदलणं) किंवा कॉनकॅट (मजकूर जोडणं) लावलंत तर त्या कॉलमवरचा इंडेक्स सहसा वापरला जात नाही. दर रजिस्ट्रेशनला आणि दर कॉलला हीच क्वेरी धावते, तेव्हा हे पहिल्या दिवशी नाही, पण फोन वाढले की नक्की जाणवतं.

कॉलच्या नोंदी तुमच्याच बिलिंगच्या टेबलात हव्या असतील तर सीडीआरचं (कॉलच्या नोंदींचं) अ‍ॅडॅप्टिव्ह ओडीबीसी मॉड्यूल घ्या; त्यात एलियास (पर्यायी नाव) देऊन एस्टेरिस्कचं फील्ड तुमच्या कॉलमला जोडता येतं. त्या टेबलापुरता इन्सर्टचा अधिकार वेगळा द्यावा लागेल.

आणि शोधताना सिपपीअर्स टेबलवरचे जुने लेख सापडले तर सोडून द्या. ते चॅन-सिपचे, म्हणजे पीजेएसआयपीच्या आधीच्या जुन्या मॉड्यूलचे आहेत, आणि चॅन-सिप एस्टेरिस्कच्या २१व्या आवृत्तीपासून काढूनच टाकलंय.