गोलकीपर राहिलेला माणूस पुढे चांगला हेड कोच होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो, आणि सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इटलीचा डिनो झॉफ. १९८२ चा वर्ल्ड कप त्याने वयाच्या ४० व्या वर्षी कॅप्टन म्हणून उचलला, पुढच्याच वर्षी रिटायर झाला आणि मग कोच म्हणून १९९० मध्ये युव्हेंटस या इटालियन क्लबला एकाच सीझनमध्ये यूएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) आणि कोपा इटालिया (इटलीतला देशांतर्गत कप) दोन्ही जिंकून दिले (तरी क्लबने त्याला ठेवला नाही, हे मला आजही पटत नाही). २००० च्या युरोत (युरोपातल्या देशांची स्पर्धा) इटलीला फ्रान्सविरुद्ध फायनलला नेलं, शेवटच्या काही सेकंदांपर्यंत १-० पुढे होते, तेवढ्यात फ्रान्सच्या विल्टोर्डने बरोबरी केली, मग एक्स्ट्रा टाइममध्ये त्रेझेगेचा गोल्डन गोल (पडला की मॅच तिथेच संपते), आणि वर इटलीतला बडा राजकारणी बर्लुस्कोनीने जाहीर टीका केली म्हणून झॉफने राजीनामाच दिला. कीपरला पूर्ण मैदान समोर दिसतं, डिफेन्स लावायची सवय आधीच असते, त्याचा फायदा होतोच. हल्लीचे बघायचे तर नुनो एस्पिरितो सांतो आणि लोपेतेगी, दोघेही कीपरच. फक्त एक, बहुतेक कीपर गोलकीपिंग कोचच होतात, हेड कोचपर्यंत पोचणारे कमीच.