मुक्कामी गाडीतली कादंबरी

प्रश्न : ताई, मी एसटीत वाहक आहे. वय ३४. सातारा जिल्ह्यात डोंगरातल्या एका मार्गावर आठवड्यातून तीन रात्री माझी मुक्कामी गाडी असते. रात्री साडेआठला शेवटच्या गावात पोचायचं, पहाटे पावणेसहाला निघायचं. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं. त्यावर चार वर्षांपासून कादंबरी लिहितोय. पहिली तीन प्रकरणं झालीत, ती पाच वेळा नव्यानं लिहिली, पण गाडी पुढं सरकत नाही. दर वर्षी संकल्प करतो. यंदाचे असे : रोज पहाटे चारला उठून एक तास लिहायचं, दिवाळीपर्यंत ८०,००० शब्द पुरे करायचे, वर्षात ५२ पुस्तकं वाचायची, एक कथा दिवाळी अंकाला द्यायची आणि पस्तिशी ओलांडायच्या आत पुस्तक छापून आणायचं, कारण साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच मिळतो. कोयनेची माहिती जमवून दोन वह्या भरल्यात. बायको म्हणते, वह्या भरल्या, गोष्ट कुठाय? तिचं चुकतं असं म्हणवत नाही. आजी गाव सोडताना जात्याचा वरचा दगड तेवढा घेऊन आली होती. खालचा जमिनीत बसवलेला होता, तो निघेना. ती आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे. तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक व्हावं असं फार वाटतं. माझं कुठं चुकतं?
– एक वाहक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जात्याच्या दगडापाशी थांबले. संकल्पांचं नंतर बोलू. आधी मला सांगा, तो दगड तुमच्या तीन प्रकरणांत आहे का? माझा अंदाज, नाही. असता तर तुम्ही पत्राच्या शेवटी, बोलता बोलता आठवल्यासारखा तो लिहिला नसता. एक बाई घरदार सोडून निघते, सोबत जात्याचा अर्धा भाग घेते. त्या अर्ध्यानं दळता येत नाही हे तिला माहीत असतं, तरी घेते. यात तुमची सगळी कादंबरी आहे, आणि ती तुमच्या वह्यांत नाही, तुमच्या घरात बसली आहे.

त्या दोन वह्यांत काय असेल हे मला न बघता कळतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), धरणाची उंची १०३ मीटर, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, कुठली घरं डोंगरावर सरकली, कुठली ठाणे-रायगडकडं गेली. हे सगळं लेखकाला ठाऊक असायला हवं, याबद्दल दुमत नाही. पण १०५ टीएमसी हा आकडा तुमच्या कादंबरीत कोणाच्या तोंडी येणार? आजीनं पाणी टीएमसीत मोजलेलं नाही. तिनं ते खाचराच्या बांधावरून, नाहीतर देवळाच्या पायऱ्यांवरून मोजलं असेल. की पाणी यायच्या आधीच ती निघाली होती? हे तुमच्या पत्रातून मला कळत नाही, आणि मला भीती वाटते की तुम्हालाही पुरतं ठाऊक नसावं. माहिती जमवताना आपण काम करतोय असं वाटत राहतं, म्हणून माणूस त्यात वर्षानुवर्षं राहतो. माहितीची तिसरी वही आणू नका. आजी पंच्याऐंशीच्या पुढं आहे. धरणाचे आकडे पुढच्या वर्षीही मिळतील.

आता संकल्प.

पहाटे चारचा संकल्प खोडून टाका. मुक्कामाच्या रात्री तुम्ही उशिरा टेकता, उशाखाली कॅशची बॅग घेऊन झोपता आणि पावणेसहाला तिकिटं फाडायला उभे असता. (आता मशीनमधून तिकीट येतं, तरी आम्ही प्रवासी फाडणंच म्हणतो.) त्यातली झोप काढून घेतलीत तर हिशेबात घोळ होईल, पैसे पदरचे भरावे लागतील आणि महिनाभरात लेखनाचाच राग यायला लागेल. तुमच्याजवळ पहाट नाही, पण रात्री साडेआठ ते दहा आहे. गाडी बंद झालेली, चालक जेवायला बसलेला, वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकिटांचा हिशेब, जुळवून झालेलं. गावाला डोंगराची आड असेल तर मोबाइलला रेंजही नसेल. दादा, असा दीड तास शहरात राहणाऱ्या लेखकाला भाड्यानंही मिळत नाही. गाडीतले दिवे जाळून बॅटरी उतरवता येणार नाही, हे मला समजतं. देवळात ट्यूबलाइट असेलच. नसेल तर एक बारका चार्जिंगचा दिवा बॅगेत ठेवा.

पस्तिशीचा संकल्प तर आजच खोडा. पुरस्कार छापील पुस्तकाला मिळतो. हस्तलिखित पुरं झाल्यावर प्रकाशक ते वाचणार, होकार कळवणार, मग अक्षरजुळणी, मुद्रितं (प्रूफं) तपासणं, मुखपृष्ठ. यात वर्ष सहज जातं, कधी दोन जातात. तुमचं ३४ आहे आणि तीन प्रकरणं आहेत. हे गणित बसत नाही, आणि न बसणारं गणित डोक्यावर घेऊन लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य परीक्षेला बसल्यासारखं होतं. तुम्ही तीच तीन प्रकरणं पाच वेळा का लिहिलीत, याचं एक उत्तर मला इथं दिसतं. पहिलं पान कोणा परीक्षकाच्या हाती पडणार आहे असं धरून तुम्ही ते घासताय. पस्तिशीनंतर पहिली कादंबरी आणणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांतलीच, माझी एकेचाळिसाव्या वर्षी आली.

ती कशी लिहिली ते सांगते, कारण तुमच्या ड्युटीशी त्याचं नातं आहे. पुण्यात एका छापखान्यात मी चौदा वर्षं मुद्रितशोधक होते. शिशाचे खिळे जुळवून छापायचे ते दिवस. गॅलीप्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची छपाई, लांबच लांब पट्ट्यांवर यायचं आणि पट्टीची मागची बाजू कोरी असायची. काम झालेल्या पट्ट्या मी घरी आणायचे. दर पाडव्याला रोजनिशीत लिहायचे, ‘या वर्षी कादंबरी पुरी करायची.’ ओळीनं पाच वर्षं तेच वाक्य आहे, रोजनिश्या अजून कपाटात आहेत. सहाव्या वर्षी वाक्य बदललं. ‘मंगळवार आणि शनिवार, दोन-दोन पट्ट्या.’ मंगळवार-शनिवार का, तर त्या संध्याकाळी सासूबाई भजनाला जायच्या आणि घर दीड तास शांत असायचं. पट्टी भरली की भिंतीतल्या खिळ्याला अडकवायची, मागं वळून वाचायची नाही. खिळ्यावरच्या पट्ट्या जाड होत गेल्या. पुढच्या दोन पावसाळ्यांत पहिला खर्डा झाला. कादंबरी पुरी होणं माझ्या हातात नव्हतं. मंगळवारी बसणं होतं.

तुमचे तीन मुक्काम हेच तुमचे मंगळवार-शनिवार. प्रत्येक मुक्कामाला वहीची दोन पानं. रुळलेल्या हातानं वहीच्या एका पानावर साधारण १६० शब्द बसतात. म्हणजे आठवड्याला सहा पानं, साडेनऊशे शब्द. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका. गणपती, दिवाळी, गावोगावच्या जत्रा, लग्नसराई, उन्हाळ्याची गर्दी यांत तुम्हाला जादा गाड्या लागणार आणि अंगात त्राण राहणार नाही, त्याचे बारा आठवडे आधीच सोडून द्या. चाळीस आठवडे उरले. २४० पानं, अडतीस हजारांच्या वर शब्द. छापील डेमी आकारात (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) ही सव्वाशे ते दीडशे पानं होतात. एका आजीची, एका गावाची गोष्ट त्यात ऐसपैस मावते. ८०,००० हा आकडा तुम्ही कुठून आणलात मला माहीत नाही, पण तुमच्या विषयानं तो मागितलेला नाही. म्हणून यंदाचा संकल्प एवढाच लिहा : एक नवी दोनशेपानी वही, आणि दुसरीतली चाळीस पानं.

हिशेब आठवड्याचा ठेवा. एखादा मुक्काम चालकाशी गप्पांत गेला तर गेला, उरलेल्या दोन रात्री तीन-तीन पानं. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यातून आठवड्याच्या आठवड्याला छापून येत गेल्या. मागचं प्रकरण वाचकाच्या हाती गेलेलं, ते परत घेता यायचं नाही, पुढचंच लिहावं लागायचं. तुम्हाला नेमकं हेच हवं आहे. झालेली तीन प्रकरणं एका पाकिटात घाला, चिकटवा आणि आजीच्या ट्रंकेत ठेवा. दुसरी वही सुरू होईपर्यंत ते पाकीट फोडायचं नाही. आणि चौथ्या प्रकरणापासूनही सुरुवात करू नका. जो प्रसंग डोळ्यांपुढं लख्ख दिसतो तो आधी लिहा. क्रम नंतर लावता येतो.

बावन्न पुस्तकांचं म्हणाल तर सहा वाचा, पण दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा लेखकानं माणसाला खोलीत कसं आणलं, कधी बाहेर नेलं, कुठं गप्प बसला ते पाहायला. छापखान्यात आमच्याकडं एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा मुद्रित तपासायचा. ‘ती उठली पूर्णविराम दिवा मालवला स्वल्पविराम’ असं विरामचिन्हांसकट. चौदा वर्षं असं ऐकून मला जे कळलं ते एरवी कळलं नसतं. खोटं वाक्य कानाला आधी टोचतं. तुमच्याजवळ तर अख्खी रिकामी गाडी आहे. पहाटे पहिला प्रवासी चढायच्या आधी पाच मिनिटं मागच्या सीटवर बसून रात्रीची दोन पानं मोठ्यानं वाचा. दुरुस्त करू नका. जिथं जीभ अडखळली तिथं पेन्सिलीनं एक टिंब द्या, बस.

दिवाळी अंकाची कथा यंदा नको. अंकांचं साहित्य ऐन पावसाळ्यात, पुष्कळदा त्याच्याही आधी मागवलं जातं, आणि त्या घाईत तुमची वही दोन महिने बंद पडेल. प्रकाशनाचंही खर्डा झाल्यावर बघू. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. तिची माहिती तेव्हा काढा. मधल्या काळात कोणी ‘इतके पैसे भरा, महिन्यात पुस्तक हातात देतो’ म्हणालं तर भरू नका. मी तरुणपणी एकदा भरले होते, कवितांच्या पुस्तकासाठी. पुस्तकं आली, पण विकायला कोणी नेली नाहीत. तीनशे प्रती आमच्या माळ्यावर राहिल्या आणि नवऱ्याचा बोनस त्यात गेला. त्या वर्षी घरात लेखनाचं नाव काढायची मला चोरी झाली.

यावरून तुमच्या घरचं बोलते. ‘गोष्ट कुठाय’ हे वहिनींनी रागानं म्हटलं असेल असं तुम्ही धरून चाललाय. मला ते वाचकाचं वाक्य वाटलं. तीन रात्री तुम्ही घरी नसता, घर त्या एकट्या बघतात आणि घरी असता तेव्हा वहीत डोकं घालून बसता. साप्ताहिक सुट्टीला लेखनाचा हात लावायचा नाही, हे त्यांना सांगून टाका आणि पाळा. त्या दिवशी बाजार करा, आणि संध्याकाळी दोघं आजीजवळ बसा. वही न घेता. आजीला तुम्ही एकट्यानं विचारलंत तर ती गावाचं सांगेल, मोठ्या माणसाला सांगावं तसं. नातसुनेनं विचारलं तर घरातलं सांगेल. कणगीत किती धान्य होतं, चूल शेवटची कधी पेटवली, निघताना तिला कितवा महिना होता. तुम्ही नुसतं ऐका, आणि पुढच्या मुक्कामाला आठवेल तेवढं लिहा. जे आठवणार नाही ते तुमच्या कादंबरीचं नव्हतं असं समजा. आजी थकली की उठा. रेकॉर्डिंग करायचं तर तिला आधी सांगून करा, चोरून नको.

या आठवड्याच्या पहिल्या मुक्कामाला काय लिहायचं तेही सांगते. नव्या जागी आल्यावर आजीनं तो दगड उतरवला कुठं? पाठीवरून आणला की बैलगाडीतून, आणि कोणी म्हटलं का की हे ओझं कशाला? त्याच्याखाली बसेल असा दुसरा दगड तिला मिळाला का, कोणी दिला, त्यावर पहिलं दळण काय दळलं? की तो दगड तसाच दारापाशी पडून राहिला, आणि तुम्ही लहानपणी त्याच्यावर बसून खेळलात? दोन पानं त्याचीच लिहा. आणि पाकीट ट्रंकेत ठेवायला जाल तेव्हा, दगड घरात कुठं आहे तेही बघून या.