यू-टर्न घेतला, मारला की खाल्ला?

दिग्रसकडच्या एका वाचकाने विचारलंय : "कापसाच्या भावाने यू-टर्न मारला" हे वाक्य बातमीत चालेल का? 'मारला' खटकतं का? आणि यू-टर्नला मराठी शब्द कोणता?

यू-टर्न आता मराठीत मुरलाय, त्याला हाकलायचं कारण नाही. माझी हरकत 'भावा'ला आहे. यू-टर्न घ्यायला कुणीतरी स्टिअरिंग धरलेलं लागतं. इंग्रजीतही हा शब्द रस्त्यावरून उठला आणि भूमिका बदलणाऱ्या पुढाऱ्यांना जाऊन चिकटला. १९८० साली ब्रायटनच्या पक्ष-अधिवेशनात ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्यावरच कोटी केली होती : तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नाही. इंग्रजीत 'यू' हे अक्षरही आणि 'तुम्ही'ही, म्हणून ती साधली. मराठीत आणायला गेलं की तिचा जीव जातो.

'मारला' अजिबात चुकीचं नाही. उडी, चक्कर, फेरी, बुडी आपण मारतोच. 'घेतला' थोडं इस्त्रीचं, 'मारला' बोलण्यातलं, एवढाच फरक. दोन्हींत करणाऱ्याची मर्जी असते. मर्जी नसली की मराठी माणूस 'खातो' : गटांगळ्या खातो, हेलकावे खातो, मार खातो. म्हणून व्यापाऱ्याने सौद्यात पलटी मारली, पण कापसाच्या ट्रॅक्टरने नाल्याजवळ पलटी खाल्ली. या दोन वाक्यांतली क्रियापदं अदलाबदल करून बघा, पहिलीतल्या पोरालाही हसू येईल.

मराठी शब्द म्हणाल तर एक नाही, बरेच आहेत, आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. सरकार 'घूमजाव' करतं (हाही काही घरचा नव्हे, सरळ सरळ हिंदी 'घूम जाओ' आहे). पक्ष बदलणारा कोलांटउडी मारतो. खटल्याला 'कलाटणी' मिळते. ती कुणी घेत नाही, बाहेरून येऊन लागते. डाव उलटतो, दिवस पालटतात, ग्रह फिरतात. आणि शब्द देऊन फिरलेल्या माणसाला आपल्या वऱ्हाडात यातलं काहीच लागत नाही : "काहून गा, काल त हो म्हनलं होतं, आज पलटला!" एवढ्यात सगळं येतं.

तेव्हा बातमीत "चढता भाव फिरला" लिहा. मथळ्यात गंमत म्हणून भावाला यू-टर्न घेऊ द्यायचा असेल तर द्या, पण आतल्या मजकुरात नको. 'खरेदी सुरू करतो' असं म्हणून मग मागे हटलेल्या माणसासाठी मात्र 'यू-टर्न मारला' खुशाल वापरा, तिथे तो नेमका बसतो. लिहिताना 'यू' दीर्घ, शब्द पुल्लिंगी, आणि 'यू-टर्नामुळे' नव्हे, 'यू-टर्नमुळे'.