६४ आणि २५६ कोअरवर वेगळी उत्तरं येतात म्हणून घाबरलेल्या पीएचडी विद्यार्थिनीस

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. तीच इनपुट फाइल, तोच लॅमप्स (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम), पण ६४ कोअरवर, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या ६४ प्रोसेसरवर, एक उत्तर आणि २५६ वर दुसरं. पहिले काही हजार स्टेप आकडे जुळतात आणि मग फाटे फुटतात. गाइड म्हणतात कोड चुकलाय, प्रोग्रेस रिपोर्ट महिन्यावर आलाय, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे सगळं सोडून डेटा सायन्सची नोकरी धरू का. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी अगदी याच जागी होते.

फाटे फुटणारच. पायथन उघडून (०.१+०.२)+०.३ करा, मग ०.१+(०.२+०.३) करा. दुसऱ्याचं उत्तर ०.६ येतं, पहिल्याच्या सोळाव्या स्थानावर एक १ येऊन बसतो. कोअर वाढवले की रेणू ज्यात असतात त्या पेटीचे तुकडे वेगळे पडतात, बलांच्या बेरजेचा क्रम बदलतो, आणि तो शेवटच्या अंकातला फरक रेणूंच्या टकरींतून झपाट्याने वाढतो. त्यामुळे एकेका रेणूचा मार्ग जुळावा असा हट्ट धरू नका. जुळायला हव्यात त्या सरासऱ्या. (तापमान स्थिर राखायला रेणूंना यादृच्छिक धक्के देणारा लांजव्हँ थर्मोस्टॅट असता तर यादृच्छिक आकडेच प्रोसेसरगणिक वेगळे पडले असते आणि हजार स्टेपही जुळले नसते, म्हणजे तुमच्याकडे तो नसावा.)

कोडची शंका फेडायची तर पहिल्या स्टेपची ऊर्जा दोन्हीकडे बघा. त्यासाठी छापायचे अंक वाढवून घ्या, नेहमीच्या आउटपुटमध्ये ते पुरेसे दिसत नाहीत. तिथेच मोठा फरक असेल तर गाइडांचं म्हणणं खरं. मग थर्मोस्टॅट बंद करून एकूण ऊर्जा तपासा. टाइमस्टेप निम्मा केल्यावर तिचे हेलकावे साधारण पावपट झाले, तर त्या बाजूने काळजी नाही.

माझं खरं नुकसान कोडमुळे झालंच नाही. मी अतिशीत द्रवात, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच राहिलेल्या पदार्थात, स्फटिक कधी धरतो ते बघत होते. एक रन शुद्ध द्रवाचा, एक थोडं दुसरं द्रव्य मिसळून. दहा लाख अणूंची पेटी, कारण मोठी पेटी म्हणजे मोठं काम असं डोक्यात पक्कं बसलेलं. मिसळलेल्या पेटीत स्फटिक निम्म्या वेळात धरला. मी आलेख काढले, व्हिडिओ केला, पेपरचा मसुदा लिहिला. एका परिषदेत पोस्टरसमोर एक वयस्कर बाई थांबल्या, दोन्ही आलेख नीट बघितले आणि विचारलं, "प्रत्येकी किती वेळा चालवलं?" एकदा. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला तिथेच कळलं. स्फटिकाचं पहिलं केंद्रक बनणं ही दुर्मिळ आणि यदृच्छेने घडणारी घटना. तिची सरासरी वेळ १०० असेल तर एखादा रन १० मध्ये उरकतो, दुसरा २५० पर्यंत रेंगाळतो. वेळांचा विस्तार जवळपास सरासरीइतकाच असतो. दहा रन केले तरी सरासरीत तीसेक टक्क्यांची अनिश्चितता उरते. माझ्याकडे एक होता. चौदा महिने त्यात गेले होते.

तेव्हा संगणकवेळ मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज केला, की याच दोन पेट्या वेगवेगळे सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) देऊन दहा-दहा वेळा चालवायच्या आहेत. उत्तर आलं, हे काम आधीच मंजूर होऊन पूर्ण झालं आहे, त्याच कामासाठी पुन्हा वेळ देता येणार नाही. मी भेटायला गेले, तर तक्त्यात 'पुनरावृत्ती' असा रकानाच नाही असं सांगितलं. मला आजही याचा राग येतो. आपल्या हवामान खात्याचा १२ किलोमीटरचा समूह-अंदाज, म्हणजे सुरुवात किंचित बदलून तोच अंदाज अनेकदा चालवणं, २०१८ मध्ये २१ रनवर सुरू झाला. युरोपातलं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र असे अंदाज १९९२ पासून देतंय. एका रनवर विसंबायचं नाही हे ज्या विद्येत इतकं जुनं आहे, तिथे विद्यार्थ्याने तेच मागितलं की ती पुनरावृत्ती ठरते!

शेवटी पेटी लहान केली आणि विभागाच्या जुन्या क्लस्टरवर रात्री-अपरात्री रन लावले. प्रत्येकी दहा झाल्यावर फरक एरर बारमध्ये, म्हणजे आलेखावर अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघांमध्ये, विरून गेला. मसुदा फेकला. थिसिस अनेक रन घेऊन मोजण्याच्या त्या पद्धतीवर झाला, पण शिष्यवृत्ती संपल्यानंतरचं वर्ष घरच्यांच्या पैशावर काढलं.

म्हणून माझं मत, आणि हे रेणूंच्या सिम्युलेशनपुरतंच, हवामान किंवा आकाशगंगांच्या मॉडेलमध्ये मी काम केलेलं नाही: मिळालेल्या कोअर-तासांतला निम्मा वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या सीडच्या रनसाठी राखून ठेवा आणि अर्जात ते 'सांख्यिकीय नमुने' असं लिहा, 'पुन्हा' हा शब्द टाळा. लहान पेटीची लाज वाटू देऊ नका. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये द्रव आर्गॉनचं जे काम केलं, ज्याच्यावर हे सगळं क्षेत्र उभं आहे, ते ८६४ अणूंचं होतं. अर्थात पेटी इतकीही लहान नको, की स्फटिक स्वतःच्याच प्रतिमेला जाऊन भिडेल (सिम्युलेशनमध्ये पेटीच्या चहूबाजूंना तिच्याच प्रती असतात).

नोकरीचं म्हणाल तर घरची परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे जपूनच सांगते. कंटाळा आला असेल तर जरूर जा. पण हे फाटे बघून जाऊ नका. ते तुमच्या लक्षात आले, बऱ्याच जणांच्या येतही नाहीत.

रिपोर्टसाठी ६४ आणि २५६ चे प्रत्येकी पाच रन वेगवेगळ्या सीडवर लावा, प्रत्येक रनचे सलग तुकडे (ब्लॉक) पाडून काढलेल्या सरासऱ्या एकाच आलेखावर एरर बारसकट ठेवा आणि गाइडांना तोच दाखवा. रेस्टार्ट फाइल (जिथून रन पुढे चालू करता येतो ती) स्क्रॅचवर, म्हणजे क्लस्टरच्या तात्पुरत्या डिस्कवर, ठेवू नका, तुमच्या खात्याच्या होम डिस्कवर घ्या. आलेख झाला की इथे टाका, शनिवारी बघते.