वडील फार शांत होते, सांगण्यासारखं काही आठवतच नाही. वर्षश्राद्धाला त्यांच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन वर्ष होत आलं, वर्षश्राद्धाला सगळे पाहुणे जमणार, थोरला मुलगा म्हणून तुम्ही चार शब्द बोलावं असं घरच्यांचं म्हणणं आहे आणि तुम्हाला एक प्रसंगसुद्धा सापडत नाहीये. "चांगले होते, घरासाठी राबले, याच्या पुढं काय बोलू" हे तुमचं वाक्य वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले, कारण २०१८ ला आमच्या आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, उत्तरकार्याला मी पण एवढंच बोलले होते. तेवढं बोलून खाली बसले आणि ते पुढं कितीतरी महिने मनाला लागून राहिलं.

मला जे सापडलं ते सगळं नंतर सापडलं. तेच सांगते आणि कुठं सापडलं ते पण सांगते, तुमच्याकडं अजून वेळ आहे.

आमचे आप्पा बेळगावात पॅटर्न मेकर होते. हे काम बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. आमच्याकडं उद्यमबागला फौंड्र्या आहेत, तिथं लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात, आणि वाळूत तो साचा उठवायला आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो म्हणजे पॅटर्न. पंपाचं केसिंग असो, व्हॉल्व्हची बॉडी असो, आधी लाकडात तयार होणार, मग वाळूत, मग लोखंडात. पॅटर्नच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर वाळूतून वर काढताना साचा फुटतो. आतले कोपरे गोल करून घ्यावे लागतात. जिथं पुढं मशीनिंग होणार तिथं दोन-तीन एमएम माल जादा ठेवावा लागतो. आणि सगळं झाल्यावर पॅटर्न मेकरचं काम कुणालाच दिसत नाही, लाकडी नमुना रॅकवर जाऊन बसतो आणि गिऱ्हाईकाच्या हातात जातं ते लोखंड.

त्यांच्या पेटीत स्टीलची एक फूटपट्टी होती. मी सातवीत असताना शाळेत कार्यानुभवाला पुठ्ठ्याची फोटोफ्रेम करायची होती, माझी पट्टी मिळेना म्हणून मी त्यांची घेतली, सगळे तुकडे नीट मोजून कापले, पण फ्रेममध्ये काच बसेना, बाजूला फट राहायला लागली. मी रडायच्या घाईला आले. आप्पा कामावरून आले, हातपाय धुतले, फ्रेम बघितली, पट्टी बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, जे फार कमी वेळा यायचं. त्यांनी शेजारून साधी पट्टी मागून आणली आणि दोन्ही पट्ट्या सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या, फरशीवर एका टोकाला टेकवून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीवर बारा इंच लिहिलेलं आणि त्यांची पट्टी सूतभर लांब! मला म्हणाले, "ही लोखंडाची पट्टी हाय. लोखंड गार होताना फुटाला सूतभर आकसतंय. आपण आधीच तेवढं मोठं धरायचं." मग माझ्या शेजारी बसून चारी तुकडे परत कापले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ॲल्युमिनियम त्याहून जास्त आकसतं, त्याची पट्टी वेगळी असते, ती पण त्यांनी त्या दिवशी काढून दाखवली. माझ्या आठवणीत त्यांनी माझ्याशी एका दमात बोललेलं सगळ्यात मोठं बोलणं हेच. उत्तरकार्याच्या दिवशी हे मला आठवलं नाही, कारण मी "प्रसंग" शोधत होते आणि ही तर आमच्या घरातली एक साधी संध्याकाळ होती. तुमचंही तेच होतंय असं मला वाटतं.

आता दुसरी गोष्ट. आप्पांचा जन्म १९५१ चा. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हा ते पाच वर्षांचे. शाळा मराठी, ती पण सातवीपर्यंत, मग चुलत्याच्या हाताखाली रंधा मारायला गेले. बोलण्यापुरतं कन्नड फौंड्रीत कुणालाही येतंच, वाचता मात्र यायचं नाही. आणि आमच्याकडं घरात येणारा कागद कन्नडमधला, लाईट बिल कन्नड, रेशनचा फॉर्म कन्नड, नोटीस कन्नड. आजोबांच्या वेळचा जमिनीचा जुना उतारा मराठीत आणि नंतरचे सगळे कन्नडमध्ये, एकाच पिशवीत दोन्ही. मला शाळेत कन्नड विषय सुरू झाला तेव्हा रात्री जेवणं झाली की आप्पा माझं अंकलिपीचं पुस्तक घेऊन बसायला लागले. शंभर पानी वहीत डाव्या बाजूला आपलं क ख ग घ, उजव्या बाजूला कन्नडमधलं. क्रम तोच आहे ना दोन्हीकडं, फक्त आकार वेगळे, ते त्यांना फार आवडलं असावं, कारण वहीतली ती अक्षरं ड्रॉईंगसारखी रेखलेली आहेत, गोलाई एकदम बरोबर. चाळिशी ओलांडलेला माणूस दिवसभर करवत चालवून येतो आणि रात्री मुलीच्या पुस्तकातून अक्षरं गिरवतो. कशासाठी ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

वर्षा-दोन वर्षांत गल्लीतल्या बायका कागद घेऊन यायला लागल्या. "आप्पा, हे काय आलंय बघा की." ते चष्मा लावायचे, आधी कन्नडमध्ये तोंडातल्या तोंडात वाचायचे, मग मराठीत सांगायचे, आणि कुठं जायचं, किती पैसे लागतील, सोबत काय न्यायचं ते एका चिठ्ठीवर लिहून द्यायचे.

आणि हाच माणूस दरवर्षी १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या मूक सायकल फेरीला जायचा, आमचा भाग महाराष्ट्रात यावा म्हणून निघणाऱ्या. एकदाही चुकवलं नाही. एक वर्ष असं आठवतंय की आप्पा फेरीवरून नुकतेच आले होते, सायकल लावून सोप्यात पाणी पीत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक मावशी घाबरी होऊन आली, हातात घरपट्टीची नोटीस, अर्थात कन्नडमध्ये. आप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि तिथंच पायरीवर बसून वाचायला सुरुवात केली, दंडाला काळी फीत तशीच. मी तेव्हा कॉलेजला होते, रक्त गरम, मावशी गेल्यावर मी म्हटलं की आप्पा, फेरीला जायचं आणि आल्यावर त्यांचेच कागद वाचत बसायचं, हे कसं? ते म्हणाले, "भांडण सरकारशी हाय. तिला कागद वाचून पाहिजे." आणि उठून आत गेले. सीमाप्रश्नावर मी आजपर्यंत पुष्कळ भाषणं ऐकली, पोटतिडकीनं बोलणारी माणसं बघितली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण मनात राहिली ती ही दोन वाक्यं.

बाकीचं पटकन सांगते. दोन आत्यांची लग्नं, धाकट्या काकांचं शिक्षण, आज्जी चार वर्षं अंथरुणावर, हे सगळं त्यांनी केलं, आणि तुमच्याही वडिलांनी केलंच असणार, आपल्याकडच्या पिढीनं केलंच आहे. हे बोलायला उभं राहिलं की सगळ्यांचे वडील एकसारखे वाटायला लागतात. म्हणून मी म्हणते की यादी नका करू, एकच घ्या आणि त्यातलं बारीकसारीक सांगा. म्हणजे १९९७ ला आप्पा काम करत होते तो कारखाना बंद पडला, पगार पण अडकला. त्या रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "कारखाना बंद झाला. उद्यापासून सोप्यात काम करतो." आणि भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यातलं कॉट बाहेर आणि बाकडं आत. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घराला सागवानाच्या भुश्श्याचा वास होता, केसात भुस्सा, अंथरुणात भुस्सा, आई आमटीवर झाकण ठेवून ठेवून दमायची. आम्हाला त्या काळात फी भरायला कधी उशीर झाला नाही. ते त्यांनी कसं जमवलं हे मला अजूनही पूर्ण कळलेलं नाही.

आणि मी त्यांच्यावर रागावलेली पण आहे, ते लपवत नाही. दहावीला शाळेत माझा सत्कार होता आणि ते आले नाहीत, कारण कुणाला तरी सकाळपर्यंत पॅटर्न देतो म्हणून शब्द दिला होता. पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते पण काही बोलले नाहीत, समजूत काढली नाही, नेहमीसारखी रोज सकाळी माझ्या सायकलची हवा बघत राहिले. हे पण सांगायला हरकत नाही असं माझं मत आहे. माणूस देवासारखा होता असं सांगितलं की ऐकणाऱ्याला तो माणूस दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला बाहेरच्या माणसाकडून कळली. आप्पा गेल्यावर दोनेक महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ घरी आले, बैलहोंगलकडचे, मातृभाषा कन्नड, आप्पांच्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे, होते. त्यांना आप्पा गेल्याचं उशिरा कळलं. सोप्यात बाकड्याकडं तोंड करून बसले, बाकड्यावरून एकदा हात फिरवला आणि मोडक्या मराठीत सांगायला लागले. एकदा बारा कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेले भाग, मशीनशॉपमधून परत आले होते, एका बाजूला टर्निंग करून पण काळं राहत होतं, म्हणजे तिथं माल कमी पडला होता. अशा वेळी फौंड्रीत काय होतं, तर पॅटर्नवाला म्हणतो मोल्डिंग चुकलं आणि मोल्डर म्हणतो पॅटर्न चुकला. मालक मोल्डरवरच चिडले होते, हे गृहस्थ तेव्हा नवीन, घरात लहान पोरं, काम जाणार हे ठरल्यात जमा. आप्पांनी रॅकवरून पॅटर्न काढला, पट्टी लावली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की या बाजूला मशीनिंगचा माल धरायचा राहिला, चूक माझी आहे. मग दोन रात्री बसून नवीन पॅटर्न केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. "मेस्त्री गप बसला असता तर कुणाला कळत नव्हतं," ते म्हणाले, "माझी पोरं त्यावेळी गावाला परत गेली असती." आईला हे माहीत नव्हतं. तिच्याशी संसार केलेल्या माणसानं एकोणचाळीस वर्षांत हे तिला सांगितलं नव्हतं, तिनं पदर डोळ्याला लावला आणि त्यांना चहा ठेवायला आत गेली.

तर तुम्ही असं करा. वडील जिथं कामाला होते तिथलं एक तरी माणूस गाठा, फोनवर नको, समोर जाऊन बसा. नातेवाईक "फार चांगले होते" एवढंच म्हणतील, बरोबर काम केलेला माणूस काय घडलं ते सांगेल. आईला "बाबा कसे होते" असं विचारू नका, "सकाळी उठून पहिलं काय करायचे" असं विचारा, मग बघा ती किती वेळ बोलते. आणि त्यांच्या वस्तू, पेटी, वह्या, खुंटीवरचा शर्ट, वर्षश्राद्ध झालं म्हणून आवराआवरीत देऊन टाकू नका, आधी एकट्यानं बसून सगळं उघडून बघा. आप्पांची कन्नडची वही मला रद्दीच्या गठ्ठ्यातून मिळाली, अजून एक दिवस गेला असता तर गेली होती.

आमच्या स्वयंपाकघरात एक लाकडी कपाट आहे, आप्पांनीच केलेलं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला ते सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं गॅस सिलिंडर बदलल्याची तारीख लिहायचे, म्हणजे पुढचा कधी संपेल याचा अंदाज येतो आणि नंबर आधीच लावता येतो. वरपासून खालपर्यंत तारखांच्या रांगाच रांगा आहेत, अक्षर एकसारखं, दोन तारखांमधलं अंतर पण एकसारखं. मागच्या दिवाळीला रंग द्यायला माणसं आली तेव्हा आईनं त्यांना दाराची ती बाजू सोडायला सांगितली. शेवटच्या रांगेत मध्येच अक्षर बदलतं, थोडं तिरकं होतं, तिथून पुढं आईनं लिहिलंय. आजही सिलिंडर बदलला की ती मला फोन करते आणि तारीख विचारून घेते.